परभणीपर्यंत अनोळखी

सेलूच्या मन्मथअप्पांच्या घरात दिवाळीपासून कोरियानं ठाण मांडलं होतं. रोज दिवेलागणीला त्यांची लेक महेश्वरी टीव्ही लावायची. मग एक गोरीपान कोरियन पोरगी आणि तसाच एक गोरापान पोरगा, ओळख ना पाळख, कुठल्याशा परक्या मुलखात या गाडीतून त्या गाडीत चढत-उतरत हिंडायचे. बोलायचे हिंदीत, पण एक शब्द तेवढा कोरियातलाच ठेवलेला होता. पोरगी त्याला हाक मारायची, "ओप्पा!"

की बाहेरच्या खोलीतून मन्मथअप्पा ओरडायचे, "ओ! काय गं?"

त्यांची तरी काय चूक? घरचे, गल्लीतले, कापूसबाजारातले हमाल, झाडून सगळे त्यांना अप्पाच म्हणत. आयुष्यभर या हाकेला ओ दिलेला माणूस, त्याला काय ठाऊक टीव्हीत कोण बोंबलतंय!

"तुमाला न्हाई हो, त्या पोराला हाक मारायली," उमादेवी आतून सांगायच्या.

महेश्वरीनं एकदा आईला नीट समजावलं. ओप्पा म्हणजे मोठा दादा, पण ज्याच्यावर जीव जडला त्यालाही पोरी ओप्पाच म्हणतात. उमादेवींच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. "दादा म्हणायचं आन् त्याच्याशीच लगीन करायचं? शिव शिव शिव!" असं म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी टीव्हीसमोर त्याच बसलेल्या. त्यांची फिकीर वेगळीच होती. एवढी हिंडायलेत ही लेकरं, जेवतात कवा?

अशात महेश्वरीला स्थळ आलं. मुलगा वैभव, मूळचा झरीचा, परभणीत ठिबकच्या सामानाचं दुकान. घराणं चांगलं, नात्यातल्यांच्या ओळखीचं, नाव ठेवायला जागा नाही. बघायचा कार्यक्रम झाला. माणसांनी भरलेल्या बैठकीत दोघांना समोरासमोर बसवलं, आणि वैभव प्रत्येक प्रश्नाला एकच बोलला, "चालतं." बायकोनं नोकरी केली तर? चालतं. चहात साखर कमी? चालतं. रात्री महेश्वरीनं उशीत तोंड खुपसून विचार केला, जन्मभर हे 'चालतं' ऐकायचं म्हणजे माणूस येडं होऊन जाईल. पण नाही म्हणायलाही जीभ वळेना. हा माणूस हसतो कसा, चिडतो कसा, एकटा असला की बोलतो काय, हे कळल्याशिवाय ती हो म्हणणार नव्हती आणि नाहीही म्हणणार नव्हती.

"मला त्यांच्यासंगं प्रवास करायचाय," तिनं सकाळी बापाला सांगितलं. "टीव्हीतल्यासारखा. अनोळखी होऊन."

अप्पांनी कपाळाला हात लावला. "पोरी, इज्जत हाय का न्हाई आपल्याला?"

"अप्पा, तुमी कापूस घेताना काय करता? वरवर बघून सौदा करता का?"

 सेलूच्या बाजारात अप्पांचं नावच त्यासाठी होतं. गाडी आली की बाही वर सारून खांद्यापर्यंत हात आत घालायचे, तळातला कापूस ओढून काढायचे, चिमटीत धागा ताणून बघायचे. वर पांढराशुभ्र आणि खाली ओला, असं त्यांनी लय पाहिलं होतं.

"मंग मी बैठकीतला वरवरचा माणूस बघून जिंदगीचा सौदा कामून करू?"

 शेवटी असं ठरलं की परदेश वगैरे काही नाही, रविवारच्या पॅसेंजरनं सेलू ते परभणी. परभणीला वैभवच्या मावशीकडं दोन्हीकडची चार माणसं बसलेली असतील, तिथं उतरल्या उतरल्या महेश्वरीनं हो का नाही सांगायचं. मग त्यात बदल नाही. आणि अप्पा त्याच डब्यात बसतील, पण तेही अनोळखी.

"तुमाला जमंल का?" उमादेवींनी धपाट्यांचा डबा बांधता बांधता विचारलं.

"त्यात काय न जमायचं?" अप्पा म्हणाले.

अहो, कुठलं जमतंय! गाडीत बसल्या बसल्या शेजारच्या माणसानं साधं विचारलं, कुठवर? तर अप्पा म्हणाले, "परभणी. आन् त्या खिडकीतल्या पोरीला मी वळखत न्हाई." तो माणूस बिचारा खिडकीकडं बघायला लागला. महेश्वरीनं डोळे मोठे करून बापाकडं पाहिलं, तसे अप्पा पेपरामागं गेले.

वैभव समोर येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर भस्माची पुसट रेघ. घसा खाकरला. महेश्वरीनं मनात म्हटलं, आता हा 'चालतं' म्हणतोय, आणि मग परभणीपर्यंत गवत बघत बसायचं.

"माफ करा," तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "ही गाडी पॅरिसला जाती का?"

 ती म्हणाली, "जाती की. पर मानवत रोडला बदलावी लागंल."

"बदलतो. घाई न्हाई मला."

आणि तो हसला. वरचा एक दात थोडा पुढं होता, म्हणून बहुतेक बैठकीत हसू दाबून बसला असावा. महेश्वरीला तो दात बघून इतकं बरं वाटलं की तिनं विचारूनच टाकलं, "कुठून आलाव तुमी?"

"सेलूला गेलो होतो मागच्या महिन्यात, एक मुलगी बघायला. आता तुमी अनोळखी, तुमाला सांगायला काय हरकत? तिच्या घरी इतकी माणसं होती समोर, माझी जीभच टाळूला चिकटली. काहीही विचारा, तोंडातून चालतं, चालतं. घरी येऊन लय शिव्या घातल्या स्वतःला. ती रोज कोरियन मालिका बघती म्हणं, म्हणून मी बी सगळी बघून काढली."

"मुलगी कशी होती?"

"तिनं चुरमुऱ्यांचा सुशीला दिला आन् चमचा द्यायचा राहिला. मागायची हिंमत झाली न्हाई, मी हातानंच खाल्लं. हळदीची बोटं घेऊन बसलो. तिनं ते बघितलं आन् पदराआड हसली. मला वाटलं, हिच्याशी बोलायला मिळालं पाहिजे राव."

महेश्वरीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तीही मग अनोळखीच होती, तिनंही सांगून टाकलं. माझं बी एक ठिकाण आलंय, पर त्या माणसाच्या पोटात काय हाय ते कळंना. वैभव म्हणाला, विचारून बघा त्याला, भित्रा दिसतोय बिचारा. दोघं अशी हसली की पलीकडचा पेपर खाली आला.

मानवत रोडला भिवराबाई नावाच्या एक म्हातारबाई शेळीचं पिल्लू काखेत मारून चढल्या आणि थेट अप्पांच्या समोर बसल्या. अप्पांचं सारं ध्यान खिडकीकडं. लेक हसली की यांच्याही मिशीखाली हसू, ती गंभीर झाली की हे मान वर करून बघायचे. भिवराबाईंनी हे थोडा वेळ पाहिलं.

"ती पोरगी तुमची का हो?"

"न्हाई न्हाई!" अप्पा दचकले. "मी वळखत बी न्हाई."

"मंग तिच्याकडं असं टकामका कामून बघायलाव? केस पिकले की तुमचे!"

सगळा डबा अप्पांकडं बघायला लागला. सेलूच्या बाजारात ज्यांच्या शब्दावर गाड्या रिकाम्या होत, ते मन्मथअप्पा घामानं भिजले. खरं सांगावं तर लेकीला दिलेला शब्द मोडतोय, न सांगावं तर म्हातारी पिल्लू सोडून चप्पल हातात घ्यायची. तेवढ्यात पेडगाव आलं, क्रॉसिंगसाठी गाडी थांबली, आणि अप्पा पाणी प्यायच्या निमित्तानं खाली उतरले ते फलाटाच्या टोकाच्या नळाकडं निघाले. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

इकडं वैभवही उतरला. "पॅरिसचा चहा कसा असतो बघून येतो," म्हणाला.

समोरून एक्सप्रेस धडधडत निघून गेली. तिचा आवाज विरतो न विरतो तोच पॅसेंजरनं हिसका दिला आणि चाकं फिरली. महेश्वरीनं खिडकीतून डोकावलं. वैभव चहाचे दोन कप घेऊन अर्ध्या फलाटावर, आणि त्याच्या पार पलीकडं बाप नळाखाली ओंजळ धरून वाकलेला.

"अप्पा!" ती जीव खाऊन ओरडली. "अप्पाऽऽ!"

मन्मथअप्पांनी ऐकलं. नक्कीच ऐकलं, कारण त्यांनी मान वर केली, लेकीकडं पाहिलं, वैभवकडं पाहिलं, आणि पुन्हा खाली वाकून पाणी प्यायला लागले. दिवाळीपासून एवढा ओ देणारा माणूस, आज खरी हाक आली तर गप्प!

वैभवनं मात्र ऐकलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. चहा सांडत, बोटं भाजून घेत तो धावला, दांड्याला धरून चढला आणि धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिला.

"मला... ओप्पा म्हणलाव तुमी?"

"अहो, अप्पा म्हणलं! अप्पा! माझे अप्पा खाली राहिले!"

त्याच्या तोंडावरचं सगळं तेज एका क्षणात उतरलं. तिनं ते उतरताना पाहिलं. पण तो दारात थांबला नाही. कप तिथंच टाकले आणि आत्ता कुठं वेग घेऊ लागलेल्या गाडीतून त्यानं उडी मारली. चार पावलं धडपडला, सावरला आणि नळाकडं पळत सुटला.

महेश्वरी दारात आली. परभणीत मावशीकडं माणसं वाट बघत होती, आणि गाडी तिला तिकडंच घेऊन निघाली होती. तिनं एकदाच खाली पाहिलं. "अगं, उतरायचं तर उतर की लवकर!" भिवराबाई मागून ओरडल्या. तिनं ओढणी कंबरेला खोचली आणि उतरली. मागोमाग खिडकीतून धपाट्यांचा डबा आला.

गाडी गेली. फलाटावर तिघंच राहिली.

"अप्पा, मी हाक मारायले आन् तुमी वळला बी न्हाईत?" महेश्वरीचा आवाज फुटला.

"मला वाटलं, तू याला हाक मारलीस," अप्पा म्हणाले. त्यांचं तोंड, मिशी, सदरा सगळं ओलं, पण डोळे काही नळाच्या पाण्यानं ओले नव्हते. "मी म्हणलं, ओप्पा म्हणली म्हंजी जमलं पोरीचं. मंग आपण मधी कशाला? जाऊ द्यावं लेकरांना. मी येतो की मागच्या गाडीनं." आणि एवढं बोलून तो कापूसबाजारातला खमका माणूस लहान पोरासारखा हुंदका देऊन रडला, आणि रडता रडता आपलं आपल्यालाच हसू आलं त्यांना.

वैभव दोन हात लांब, मान खाली घालून उभा होता. पँट गुडघ्यावर फाटली होती. "माझीच चूक झाली ऐकण्यात," तो म्हणाला. "तुमी परभणीत सावकाश काय ते सांगा. घाई न्हाई."

"मला कशाला थांबायचंय आता?" महेश्वरी म्हणाली.  "अप्पा, हा माणूस माझ्यासाठी गाडीत चढला आन् माझ्या बापासाठी उतरला. कुणी सांगितलं न्हाई, विचारलं न्हाई, त्याला वाईट वाटलेलं असताना उतरला. मला ह्याच्याशीच लगीन करायचंय."

वैभवनं मान वर केली. दात दाबायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

अप्पांनी घाईघाईनं तोंड पुसलं, फोन काढला आणि परभणीला लावला. "हां, पाव्हणं, गाडी चुकली आमची. न्हाई न्हाई, सगळे ठीक हाव. ऐका तर खरं! पोरगी हो म्हणायली!" पलीकडून काहीतरी गलका झाला. अप्पा मोठमोठ्यानं बोलत फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडं निघाले, खरं तर रेंज जागेवरच चांगली होती.

ते अजून चार पावलांवर असतील नसतील, तेवढ्यात महेश्वरीनं वैभवचा हात धरला. बापानं मागं वळून पाहिलं, तरी सोडला नाही.