आग म्हणजे आग

रंजीता मडावीच्या हुशारीबद्दल कुणी शंका काढायची सोय नव्हती. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या कोसमटोल्याची पोरगी, चंद्रपुरात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला, आणि वर्गात पहिली. पण हुशार माणूस चुकतो ना, तेव्हा बारीकसारीक चुकत नाही.

तिचा प्रोजेक्ट असा होता, की ड्रोनने वरून काढलेले जंगलाचे फोटो बघून कॉम्प्युटरने आपणहून सांगायचं, आग कुठे लागलीय. आता कॉम्प्युटरला काय डोंबल कळतं! त्याला आधी हजारो फोटो दाखवून शिकवावं लागतं, बाबा रे, ही आग, ही नाही. फोटोफोटोला असं लेबल लावायचं काम तिने वर्षभर एकटीने केलं. डोळ्यांचं पाणी पाणी झालं, पण केलं.

फोटोंत जागोजाग धुरकट काळे गोल दिसायचे. वर्गातल्या पोरांना तो वणवाच वाटला असता. रंजीताला माहीत होतं, ते मोहाच्या झाडांखालचे. फुलं पडायला लागायच्या आधी बाया झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे पहाटे पडलेलं फूल नीट दिसतं. आधी भोवताल झाडून घेतात आणि ओली डहाळी हातात धरून उभ्या राहतात. आग गोलाबाहेर जात नाही. आणि झाडं काही बेवारस नाहीत. जंगल सरकारचं असेल, पण कुठला मोह कुठल्या घरचा हे गावातल्या लेकरालाही विचारा. दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही. म्हणून जंगलात जागा सांगायची तर तशीच सांगतात, मंगरूचा मोह, पत्रूचा मोह, बुधरीचा मोह. रंजीताने लेबल लावलं, 'मोहाची आग, धोका नाही', आणि पुढच्या रकान्यात जागा म्हणून लिहिलं, 'बुधरीचा मोह'. तिच्या मनात पाप नव्हतं. तिला ठाऊक असलेला पत्ता तेवढाच होता.

बुधरी तिची सख्खी आत्या. आई गेल्यावर रंजीताला तिनेच वाढवलं, आणि मोहफुलं विकून शिकवलंही तिनेच.

"ही तिसऱ्या लेबलाची भानगड काढून टाक," गाईड सर म्हणाले. "त्यानेच तुझं मॉडेल गोंधळतंय. आग म्हणजे आग."

"सर, पण ती धोक्याची नसते."

"रंजीता, तुला पेपर छापायचाय की मोह वेचायचाय?"

अख्खा वर्ग हसला. तिला राग आला, पण रागापेक्षा लाज जास्त वाटली. त्याच दिवशी तिने सगळ्या मोहाच्या आगी मुकाट्याने 'आग' मध्ये ढकलल्या. आणि काय सांगावं, मॉडेलची अचूकता एकदम त्र्याण्णव टक्क्यांवर गेली! सरांनी पेढे वाटले. हिनेही खाल्ले, आणि चांगली खूश होऊन खाल्ले. जागांच्या नावांचा रकाना तसाच राहिला, कारण कॉम्प्युटरला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

माणसांना होतं. सरांनी एका कार्यशाळेत हे काम मिरवलं, वनखात्याचे एक साहेब भारी खूश झाले, आणि सरांनी अख्खी फाईल हसत हसत त्यांच्या हवाली केली. ऐन मोहफुलाच्या दिवसांत कोसमटोल्यातल्या काही लोकांना रेंज ऑफिसात बोलावणं आलं. जंगलात आग लावल्याचा गुन्हा. पहिलं नाव बुधरीचं.

बापाचा फोन आला तेव्हा रंजीताच्या तोंडचं पाणी पळालं. ती धावत सरांकडे गेली. सर शांतपणे म्हणाले, "नावं चुकीची आहेत असं लिहून दे, सुटेल तुझी आत्या. पण मग तुझा सगळा डेटाच खोटा ठरतो. मंगळवारी व्हायवा आहे. बघ बाई, विचार कर."

एसटीत बसल्यापासून ती मनात एकच वाक्य घोकत होती: साहेब, नावं मी अंदाजाने टाकली, त्यात काही खरं नाही.

रेंज ऑफिसातले साहेब सज्जन होते, हीच तर पंचाईत. "या मॅडम, बसा," म्हणून खुर्ची दिली. बुधरी दाराजवळ खाली उकिडवी बसली होती.

"साहेब, ती आग पसरत नाही हो. बाया उभ्या असतात तिथं."

"कायद्यात लहान आग, मोठी आग असं नसतं, मॅडम. काम मात्र तुम्ही उत्तम केलंय. मला एवढंच सांगा, नावं बरोबर आहेत ना? चुकीची असतील तर तसं लिहून द्या, केस इथंच मिटवतो. एक प्रत कॉलेजला पाठवावी लागेल, बस."

रंजीताने तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. पण मंगळवार आठवला आणि ती थबकली. थोडीशीच थबकली. बुधरीला अचूकता कळत नव्हती, डेटा कळत नव्हता, पण वाढवलेल्या पोरीचा चेहरा कळत होता.

"नाव बरोबर हाय, साहेब," बुधरी म्हणाली. "मोह माहाच हाय. म्याच जाळला पाचोळा. पोरगी खोटं लिवत नाई. तिले काऊन विचारून राह्यले? तिची परीक्षा हाय."

रंजीताचा जीव भांड्यात पडला. हो, लाज वाटायच्या आधी, रडू फुटायच्या आधी, जीव भांड्यात पडला. आणि हे तिचं तिलाच लख्ख कळलं. तरी ती मूग गिळून खुर्चीत बसून राहिली. साहेबांनी बुधरीचा अंगठा घेतला आणि बजावलं, केसचा निकाल लागेस्तोवर जंगलात पाय ठेवायचा नाही. तिकडे झाडाखाली फुलांचा सडा पडत होता.

मंगळवारी व्हायवा झाली. नागपूरहून आलेले परीक्षक खवट होते. चष्मा नाकावर ओढून त्यांनी विचारलं, "लेबलं घरी बसून कुणीही लावेल. ती जागेवर खरी आहेत, याला पुरावा काय?"

रंजीताच्या आधी गाईड सरच बोलले. "सर, पुरावा एकदम पक्का आहे. वनखात्याने गावात तपास केला. लोकांनी कबुलीजबाब दिलेत, अंगठ्यानिशी."

परीक्षकांनी पहिल्यांदाच मान वर केली. "असं? हे तर फार कमी प्रोजेक्टमध्ये बघायला मिळतं." मग ते तिच्याकडे वळले. "खरं आहे का हे?"

"हो सर," रंजीता म्हणाली.

सगळ्यांत जास्त मार्क तिला त्याच प्रश्नाला पडले.