इथरची बाटली

अकोल्याच्या कॉलेजात जयवंता बंध तुटण्याचा धडा फार जीव लावून शिकवायची. कधी जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकच अणू घेऊन जातो, दुसरा रिकाम्या हाती उरतो. कधी सरळ वाटणी होते, ज्याचा त्याला एकेक. मग मुलांकडे पाहून म्हणायची, "असा एकटा इलेक्ट्रॉन घेऊन उरलेला मुकाट बसत नाई. दिसन त्याले धरते."

नवरा गेल्यावर बाईनं काय जपावं याला ताळतंत्र नसतं. कुणी चष्मा जपतं, कुणी चपला. जयवंतानं स्टोअररूममधली आयसोप्रोपिल इथरची तपकिरी बाटली जपली होती. तिचा नवरा, म्हणजे देवीदास सर, तिच्याच विभागात होते. गेले त्या दिवशी त्यांनीच त्या बाटलीचं सील फोडलं होतं, आणि शेवटपर्यंत त्यांच्या हाताला तोच वास होता.

दर अक्षय तृतीयेला घरी त्यांच्या नावानं घागर भरून झाली, की ती कॉलेजात येई, स्टोअररूमचं दार लोटून घेई आणि झाकण जरासं सैल करी. वास आला, म्हणजे ते आले. रसायनशास्त्राच्या बाईला हे शोभत नव्हतं, पण दुःखापुढे शिक्षणाचं काही चालत नाही.

यंदा तिनं कपाट उघडलं आणि बाटलीकडे हात नेता नेता ती थांबली. झाकणाच्या कडेला पांढरे स्फटिक जमले होते. दरवेळी झाकण उघडताना हवा आत गेली होती, आणि हवेनं इथरचं पेरॉक्साइड केलं होतं. शेजारीशेजारी दोन ऑक्सिजन, मधला बंध अगदी कच्चा. झाकणाला नुसता पीळ दिला तरी तो तुटेल, स्फोट होईल, आणि मग बाटली, कपाट, ती, काहीच राहणार नाही. वास घेऊन घेऊन हे तिनंच करून ठेवलं होतं.

"काहून थांबली? उघड ना," मागून आवाज आला. हुबेहूब त्यांचा.

तिचा हात झाकणापर्यंत गेला. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत नव्हती, मोह होत होता. घरी वाट पाहणारं कोण होतं?

"ये ना," आवाज म्हणाला.

आता मात्र तिच्या अंगावर काटा आला. जिवंतपणी साध्या ॲसिडची बाटली असली तरी ते तिला मागे सारून स्वतः पुढे होत. ते तिला असं बोलावणार नाहीत. हे तिचंच मन बोलत असेल. आणि तेच असतील, तर मरण माणसाला पार बदलून टाकतं.

"नाई येत मी," मागे न वळता ती म्हणाली. "तुमीच जा आता."

हात हळूच मागे घेऊन ती बाहेर आली, दाराला कुलूप लावलं आणि प्राचार्यांना फोन करून बॉम्बशोधक पथक बोलवायला सांगितलं. बाटली कुणाची, असं त्यांनी विचारलं.

"कोणाचीच नाई," ती म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसून रडली.