करंजाचं तेल

धाऊने पिकपच्या चाकाचा ब्रेक-ड्रम ओढून काढला आणि आत बोट फिरवलं. बोट काळं, चिकट निघालं. वास करंजाच्या तेलाचा होता.

सकाळीच त्याने या गाडीला नवे ब्रेकपट्टे ठोकले होते. ड्रमला आतून खडू लावून, पट्टे जिथे टेकले तिथे कानसून एकसारखे केले होते. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात आलेला तो जुना पिकप मग जागच्या जागी थांबला होता, केकाटत का होईना! आणि आता जेवून येतो तर ब्रेकवर पाय दाबावा तरी गाडी आपली पुढेच.

उद्या बहिणीच्या लग्नाचं वऱ्हाड सावळीहून शहापूरला न्यायचं होतं. मुरबाडच्या उतारावर परवा ब्रेक न लागता हीच गाडी आंब्याच्या झाडाला जाऊन टेकली, तेव्हापासून भावकी म्हणत होती, बैलगाड्याच जुंपा. धाऊ हट्टाला पेटला होता. बहीण जाईल तर याच गाडीतून.

"बा, हिला हात लावलास?"

त्याचा बाप नवशा ओट्यावर बसला होता. पटक्यात कोंबडीचं पीस खोचलेलं. जन्मभर त्याने त्याच पिसाने बैलगाडीच्या चाकांना तेल घातलं होतं.

"मागच्या फटीतून तेल सोडलं जरा. चाक किती केकाटत होतं रे! पोरीच्या लग्नाची गाडी ती."

धाऊच्या अंगाचा तिळपापड झाला. पण म्हातारा इतक्या खुशीत सांगत होता, की शिवी तोंडातच राहिली. त्याने ड्रम पेट्रोलने धुतला, पट्ट्यांची उरलेली शेवटची जोडी काढली आणि पुन्हा खडू हातात घेतला. कानस चालवताना तो बापाकडे न बघता म्हणाला,

"उद्या माझ्या बाजूला बस. उतारावर कान देऊन ऐक. चाक केकाटलं तरच गाडी थांबते, बा. गप्प राहिलं तर आपण गेलो."

नवशा ओट्यावरून उठला. तेलाची बाटली त्याने आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी उतार लागला. मागे बायकांची गाणी थांबली. धाऊने पाय दाबला. गाडी सरकतच राहिली. नवशाने दरवाजा घट्ट धरला.

"केकाट गो बाय," तो पुटपुटला.

आणि चाक केकाटलं, लांबलचक, कान किटवणारं. आंब्याच्या अलीकडेच गाडी थांबली. मागे हशा पिकला, गाणं पुन्हा सुरू झालं.

नवशाने पटक्यातलं पीस काढलं, क्षणभर बोटांत फिरवलं आणि बाहेर सोडून दिलं.

"चल रे," तो म्हणाला.