मेसाईच्या नावाचं कुलूप

“बाई, या डब्याचा आतला पासवर्ड आजच बदला. उद्यावर टाकू नका.”

माजलगावहून जोडणी करायला आलेल्या अंगदचं हे वाक्य मला अजून ऐकू येतं. मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. राउटर. डोक्यावर दोन शिंगं, कपाळावर हिरवे दिवे. धरणाकाठच्या एका गावात ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृह आहे, त्याच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझी गोष्ट गोड नाही. या गावानं माझ्या गळ्यात हार घातला आणि माझा गळाही यानंच धरला. मी दोन्ही विसरलेलो नाही.

कारखान्यात एकाच साच्यातून माझी हजारो भावंडं निघाली. सगळ्यांच्या पोटावर एकच चिठ्ठी चिकटवली होती: नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. एकाच किल्लीनं साऱ्या गल्लीची कुलपं उघडावीत, तसंच ते. म्हणून घरी आणल्यावर तो शब्द आधी बदलायचा असतो.

माझे शब्द दोन. बाहेरचा शब्द वाय-फायचा. तो ज्याला ठाऊक, तो माझ्यातून ये-जा करतो. दुसरा आतला. तो ज्याच्या हाती, तो माझा धनी. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारात अडवायचं, माझं नाव काय ठेवायचं, सारं तोच ठरवतो. आणि मी शब्द ओळखतो, माणूस ओळखत नाही. दारातलं कुत्रंसुद्धा याबाबतीत माझ्यापेक्षा बरं.

मंगलबाई या वसतिगृहाच्या अधीक्षिका. सकाळी तुळशीपुढे दिवा लावून जप होईपर्यंत त्या कुणाशी बोलत नाहीत, आणि नंतरही हळूच बोलतात. शब्द बदलायला त्या तयार होत्या. पण वसतिगृहाच्या समितीचे अध्यक्ष सुंदरराव खुर्चीत रेलून हसले.

“कावून बदलायचा? आपल्या गावात घराला कुलूप लागत न्हाई, अन् ह्या डबड्याला लावायचं व्हय?”

दसऱ्याला त्यांनी माझी पूजा केली. कुंकू माझ्या श्वासाच्या भोकांत गेलं, झेंडूच्या माळेखाली मी तापून निघालो. फोटो निघाले. आतला शब्द तसाच राहिला.

दिवाळी झाली आणि गाव रिकामं झालं. बायनाबाई कर्नाटकात ऊसतोडीला निघाली. तिची नऊ वर्षांची संस्कृती तिचा पदर सोडत नव्हती.

“बाई, पोरगी ठिवते तुमच्यापाशी,” बायनाबाई म्हणाली. “पर रोज दिवेलागणीला मला तिचं तोंड दिसलं पायजे. दिसायचं बंद झालं की मी येऊन घिऊन जाईन. मग साळा गेली खड्ड्यात.”

“दिसंल,” मंगलबाई एवढंच म्हणाल्या.

या गावात मोबाईलला रेंज नाही. धरणाच्या भिंतीवर चढलं तर जेमतेम आवाज येतो. त्यामुळे संस्कृतीचं तोंड आईपर्यंत न्यायचं काम माझंच. तिकडे बायनाबाई उसाच्या गाडीवर चढून फोन उंच धरायची, इकडे ही टॅबपुढे जबडा वासायची. “आई, ह्यो बी दात पडला!” माझ्या आयुष्यात अभिमान बाळगावा असं तेवढंच काम मी केलं.

वसतिगृहासमोर एक कट्टा आहे. सुंदररावांचा पुतण्या रविराज तिथं टोळकं घेऊन बसायचा, खिडकीकडे बघून शिट्ट्या मारायचा. एक दिवस मंगलबाई बाहेर गेल्या.

“दादा, इथं बसू नका. पोरी अभ्यास करत्यात.”

“कट्टा तुमच्या बापानं बांधलाय का?” रविराज म्हणाला. टोळकं फिदीफिदी हसलं.

बाहेरचा शब्द गावभर ठाऊक होताच; त्याच दुपारी त्यानं फोनवरून माझं आतलं दार ठोठावलं. अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिन. मी उघडलं. त्यानं वसतिगृहाचा टॅब अडवला आणि माझं नाव बदललं. कट्ट्यावर, एसटीच्या थांब्यावर ज्यानं त्यानं वाय-फाय उघडलं की माझं नवं नाव दिसायचं: ‘मंगलबाई गाव सोडा’. लोक वाचून तोंडावर रुमाल धरत. मित्रांनो, ती शिवी माझ्याच तोंडून जात होती आणि मला तोंड मिटता येत नव्हतं.

अंगद आला. पाठीवरच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरून त्यानं मला जन्मलो तसा कोरा केला. “आता तरी बदला,” तो म्हणाला.

“मेसाईचं नाव ठिव,” सुंदररावांनी फर्मावलं. “पुढं एक-दोन-तीन. गावदेवीच्या नावाला हात लावायची कुणाची छाती हाय?”

“काका, मेसाई गावाची राखण करती, पासवर्डाची न्हाई.”

“लई शिकलास बे! ठिव म्हणलं ना.”

मेसाईचं नाव या गावात प्रत्येक मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर आहे. रविराजच्याही. त्याला दुसरा प्रयत्न करावा लागला नाही.

या वेळी टॅब बंद झाला तो बंदच. संस्कृती तो मांडीवर घेऊन बसे आणि भाकरी बाजूला सारी. मग मुकादमाच्या जीपवाल्याबरोबर निरोप आला: “बायनाबाई सोमवारी येती. पोरीचे कपडे बांधून ठिवा.”

मंगलबाई चप्पल घालून, फोन घेऊन धरणाच्या भिंतीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा दम लागला होता. “संस्कृती,” त्या म्हणाल्या, “रविवारी दिवेलागणीला तुझी आई गाडीवर चढणार हाय. तू दिसलीस तर ती येणार न्हाई. मी शब्द दिलाय.”

संस्कृतीनं कपड्यांचं गाठोडं तरीही बांधलं. दिलेल्या शब्दावर विसंबू नये, तेवढं गावानं तिला शिकवलं होतं.

रविवारी अंगद आला तो चिडूनच. “बाई, आता फिरून मी येणार न्हाई.” त्यानं मला पुन्हा कोरं केलं, माझं नाव सरळ केलं, लॅपटॉप मंगलबाईंपुढे सरकवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “लांबडा ठिवा. देव नको, गाव नको, पोरींची नावं नको. अन् मला बी सांगू नका.”

“म्हंजे गुरुमंत्रावानी. कुणाफुडं उच्चारायचा न्हाई.”

“तसंच.”

“मग असं आधीच सांगायचं की रं!”

त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी तो शब्द गिळला. तुम्हालाही सांगणार नाही.

उन्हं उतरायच्या आत काका-पुतणे दारात हजर. “आतला पासवर्ड बोला,” सुंदरराव म्हणाले. “अध्यक्ष मी हाय.”

“भाऊ, वाय-फायचा फळ्यावर लिवलाय. त्यो परसाद हाय, गावभर वाटा. आतला मिळायचा न्हाई.”

“काका, बाईला लई माज आलाय.”

“फुडच्या बैठकीला बघतो, ही खुर्ची तुमच्याकडं कशी राहती!”

“बघा,” मंगलबाई म्हणाल्या आणि कडी लावून घेतली.

रविराज कट्ट्यावर बसून मला ठोठावत राहिला. अ‍ॅडमिन. मेसाई. मंगलबाईंचं नाव. मग एक घाण शिवी. मी एकदाही उघडलं नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही’ म्हणता आलं, आणि ते त्याला म्हणताना मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या भिंतीवरही माझा एखादा भाऊ असेल. त्याला हार घालू नका. त्याचं पोट उलटून बघा. कारखान्यातला शब्द अजून चालत असेल तर आजच मोठ्यांच्या मागे लागून बदलून घ्या. देवाचं नाव जपाला ठेवा, कुलपाला नको. नाहीतर तुमच्या घराच्या तोंडी कोण कसली शिवी घालेल आणि कुणाच्या आईला अंधारात बसवेल, याचा नेम नाही.

दिवेलागण झाली. बाहेर रविराज अजून माझ्या नावानं बोटं मोडत होता. खोलीत संस्कृती गाठोड्याला टेकून बसली होती. मंगलबाईंनी तुळशीपुढे दिवा ठेवला, बायनाबाईचं तोंड उमटलेला टॅब पदराखाली धरला आणि अनवाणी, पावलं न वाजवता तिच्याकडे निघाल्या.