शिकाऊ सुया

"हाताला लागली का गाठ?" सरांनी विचारलं.

"लागली, सर."

"मग सगळ्यांनीच या. एकेकानं दाबून बघा. अशी गाठ पुस्तकात मिळत नाही."

मावशी टेबलावर पालथ्या पडल्या होत्या. तोंड टेबलाच्या भोकात असल्यामुळे त्यांना फक्त बूट दिसत होते. बूट येऊन थांबायचे, उजव्या खांद्यात कुणाचा तरी अंगठा रुतायचा, "हां, आहे," असं ऐकू यायचं आणि बूट पुढं सरकायचे. असे अठरा जण येऊन गेले. निम्म्यांच्या बुटांना चिखल होता आणि ती फरशी मावशींनी सकाळीच पुसली होती.

फिजिओथेरपीच्या या केंद्रात त्यांना एकवीस वर्षं झाली होती. रुग्णाला खुर्चीतून टेबलावर घ्यायचं, टेबलावरून परत खुर्चीत ठेवायचं, शेकाच्या पिशव्या गरम करायच्या, चादरी बदलायच्या, मशीनचा चिकट जेल पुसून काढायचा. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, बाकी सगळ्यांना त्या मावशी. अठरा वर्षं त्यांनी परक्या माणसांचं वजन उजव्या खांद्यावर पेललं आणि तीन वर्षांपूर्वी खांद्यानं संप पुकारला. हात कानाच्या वर जाईना. सकाळची वेणीसुद्धा नवरा घालून देऊ लागला. तो बस चालवून रिटायर झालेला माणूस. वेणी घालताना, "डावीकडे घे, अजून थोडं, बास, बास," असं गाडी मागं घेतल्यासारखं बोलायचा.

केंद्रात दुखरे खांदे बरे करणारी सात माणसं होती. त्यांच्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही आणि मावशींनीही आपण होऊन सांगितलं नाही. इथली माणसं रुग्णांसाठी होती. मावशी रुग्ण नव्हत्या.

त्या रविवारी मात्र योग जुळून आला. खेळाडूंच्या दुखापती आणि स्नायूंची दुखणी सुया टोचून बरी करण्याचा कोर्स केंद्राच्या मॅडमनी ठेवला होता, तीन रविवारांचा. शिकवायला बाहेरून सर आले होते. केसासारख्या बारीक सुया, त्यात औषध वगैरे काही नाही. आवळलेल्या गाठीत सुई नेमकी गेली की स्नायू एकदा उडतो आणि मग सैल सुटतो, असं ते सांगत होते. ते करून दाखवण्यासाठी एक धावपटू येणार होता, त्यानं ऐनवेळी टांग दिली. मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची नजर चादरींचा गठ्ठा घेऊन चाललेल्या मावशींवर थांबली.

"मावशी, तुमचा खांदा दुखतो ना?"

मॅडमना हे माहीत आहे, याचंच मावशींना नवल वाटलं.

सुई आत गेलेली कळलीसुद्धा नाही. मग खांद्याच्या आत जिवंत मासा उसळावा तसं काहीतरी उडालं, पुन्हा एकदा उडालं, आणि सगळा वर्ग एकदम "आ" म्हणाला. सरांनी आणखी दोन सुया टोचल्या. संध्याकाळपर्यंत खांदा ठणकत राहिला, पण सोमवारी सकाळी हात डोक्यावर गेला. नवरा कंगवा घेऊन मागं उभा होता. मावशींनी कंगवा त्याच्या हातातून काढून घेतला.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"पेपर वाच."

त्यानं पेपर उघडला खरा, पण वेणी पुरी होईपर्यंत तो त्यांच्याकडंच बघत होता.

दुसऱ्या रविवारी मावशी न बोलावता गाऊन घालून बसल्या. आज टोचायची पाळी शिकणाऱ्यांची होती. सात जणांनी मिळून अकरा सुया टोचल्या. काहींच्या नेमक्या बसल्या, काहींच्या नुसत्याच घुसल्या, आणि पाठीवर दोन काळेनिळे डाग उठले. दर सुईला सर मोठ्यानं चूक सांगायचे आणि शिकणारा म्हणायचा, "सॉरी सर." मावशींना कुणी सॉरी म्हटलं नाही. त्यांनीही हूं की चूं केलं नाही. आडवं पडल्यावर निश्चल कसं राहायचं हे त्यांनी एकवीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं होतं.

"या बाई हलत नाहीत," सर मॅडमना म्हणाले. "असं मॉडेल नशिबानं मिळतं."

घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "सर मला मॉडेल म्हणाले."

"या वयात?" तो म्हणाला. दोघंही बराच वेळ हसत राहिली.

तिसऱ्या रविवारी परीक्षा होती. मावशींच्या वाट्याला चार जण आले आणि चौथी होती चिमणी. चिमणी ही केंद्रातलीच थेरपिस्ट. अंगानं एवढीशी आणि दिवसभर चिवचिवणारी, म्हणून मावशींनीच हे नाव ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी एका अवजड रुग्णासकट ती खाली बसली, तेव्हा गुडघ्यात वाकून माणूस कसा उचलायचा ते तिला मावशींनी दाखवलं. दुपारी ती मावशींच्याच डब्यात जेवायची.

"मावशी, मला भीती वाटतेय," ती वाकून कानाशी म्हणाली.

"टोच गं. मीच आहे."

मानेखालचा स्नायू चिमटीत वर उचलून सुई छातीपासून दूर ठेवायची, हे सरांनी तीन रविवार घोकून घेतलं होतं. चिमणीची चिमटी सुटली. सुई सरळ खाली गेली. बरगडीच्या आत कुणी दाभण खुपसावा तशी कळ आली आणि मावशींना खोकला फुटला. मान वळवून त्यांनी वर पाहिलं. चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काही त्रास होतोय का?" सरांनी लांबूनच विचारलं.

चिमणी फक्त मावशींकडं बघत होती.

"नाही," मावशी म्हणाल्या. "घसा कोरडा पडला."

सरांनी कागदावर खूण केली आणि चिमणी पास झाली.

दुपारी चादरी गोळा करताना मावशींना दम लागू लागला. मॅडम म्हणाल्या, "उपाशी राहता, मग गॅस होतो. पाणी प्या." त्या पाणी प्यायल्या. उरलेल्या चादरी उचलल्या, पण दारापर्यंत पोचता पोचता भिंत धरून खाली बसल्या. कुणीतरी नवऱ्याला फोन केला. तो येऊन त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. छातीच्या फोटोत उजवं फुप्फुस मिटल्या मुठीसारखं दिसत होतं.

"कुठं पडलात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुई टोचली," मावशी म्हणाल्या.

"कुणी?"

मावशींनी मान भिंतीकडं वळवली. बरगड्यांच्या मधून नळी घातली, ती सहा दिवस राहिली.

चौथ्या दिवशी मॅडम फळं घेऊन आल्या. मागं चिमणी होती. घरचं पत्र द्यावं तसा मॅडमनी एक छापील कागद मावशींच्या हातात ठेवला. मावशींनी चष्मा मागितला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. उपचार त्यांनी स्वतःहून मागून घेतला. धोक्याची कल्पना त्यांना आधी दिली होती. तक्रार काही नाही. सुई टोचताना त्या अचानक हलल्या, त्यामुळे इजा झाली. बोट त्या शेवटच्या ओळीवर थांबलं.

"मी हलले नाही."

"मावशी, फॉर्मॅलिटी आहे नुसती."

"मग ही एक ओळ खोडा. बाकी सगळ्यावर सही करते."

"तीच तर महत्त्वाची आहे," मॅडम पटकन म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून चिमणीकडं वळल्या. "तू होतीस ना तिथं? सांग. हलल्या होत्या की नाही?"

चिमणी नळीकडं बघत होती. नळीच्या टोकाशी बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत होते. मावशी थांबल्या. त्यांना घाई नव्हती.

"थोड्याशा," चिमणी म्हणाली.

मावशींनी पेनाला टोपण लावलं आणि पेन कागदावर ठेवून कागद मॅडमपुढं सरकवला. दोघी निघून गेल्यावर नवरा म्हणाला, "एक सही केली असतीस तर काय बिघडलं असतं? नोकरी तरी राहिली असती."

"मी हलले नव्हते."

"बरं," तो म्हणाला, आणि फळांची पिशवी उचलून शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन आला.

पाच आठवड्यांनी मावशी केंद्रात गेल्या. हात आता खांद्यापर्यंतसुद्धा उठत नव्हता. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, तब्येत विचारली. "डॉक्टरांनीच उचलाउचल नको म्हटलंय ना? आम्ही बळजबरी कशी करणार?" त्या म्हणाल्या. जागेवर दुसरी बाई आली होती. तरणीताठी, दंडानं भक्कम.

मावशी आपली चप्पल आणि डबा घ्यायला आतल्या पॅसेजमध्ये गेल्या. तिसऱ्या पडद्याआड चिमणी कुणाला तरी टोचत होती. मांडी आखडलेला खेळाडू असावा, तो पुन्हा पुन्हा विचारत होता, धोका नाही ना, म्हणून.

"काही धोका नाही," चिमणी म्हणत होती. "फक्त हलायचं नाही. आमच्या इथं एक बाई होत्या, त्या मध्येच हलल्या आणि फुप्फुसाला लागलं. फार वाईट वाटलं हो आम्हाला."

आवाजात खोट नव्हती. तिला आता ते तसंच आठवत होतं.

मावशी पडद्याच्या अलीकडं उभ्या राहिल्या. नवी बाई पलीकडच्या खोलीत रुग्णाला खुर्चीत बसवत होती.

"मावशी," चिमणीनं आतून हाक मारली. "एक टॉवेल द्या ना."

हाक नवीला होती, पण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. मावशींनी फडताळातला टॉवेल डाव्या हातानं काढला, मांडीशी धरून नीट दुमडला आणि पडद्याच्या फटीतून आत केला. आतून एक लहानसा हात आला आणि टॉवेल घेऊन गेला.