सोसेफोची मूठ

"तंबू आत आणि कुत्रं बाहेर," सोसेफो म्हणाला, "मग गोळी तंबूपर्यंत पोचणार कशी?"

आम्ही अठरा पहारेकरी तीन नंबरच्या फाटकापाशी उन्हात उभे होतो. अकरा वाजले होते, बाराला फाटक उघडायचं होतं. आमचा सुपरवायझर ग्रँट कागदावरून सूचना वाचत होता. यंदा पहिल्यांदाच आमच्याकडच्या संगीत महोत्सवात गोळ्या तपासायचा तंबू लागला होता. पोरांनी खिशातली नशेची गोळी तिथे न्यायची, आतले लोक ती जराशी खरवडून यंत्रावर बघणार आणि तिच्यात खरोखर काय आहे ते सांगणार. तंबूभोवती वीस पावलांवर चुन्याची रेघ मारली होती. रेघेच्या आत पोलिसांनी पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं होतं. रेघेबाहेर सगळं नेहमीसारखंच. फाटकाशी कुत्रं, कुत्र्यामागे पोलीस, आणि गोळी सापडली की गुन्हा.

"तो तुझा प्रश्न नाही, मोठ्या," ग्रँट म्हणाला.

"मग कुणाचा आहे?"

"माझाही नाही. तू पिशव्या तपास."

तो प्रश्न कुणाचाच नव्हता, म्हणूनच पोरं मरत होती. मंत्री टीव्हीवर येऊन सांगायचे, गोळ्या घेऊ नका म्हणजे मरणार नाही. इतकं साधं. जन्मात कधी फाटकावर उभं न राहिलेल्या माणसाला सगळंच साधं दिसतं. मी चौदा वर्षं या फाटकांवर पिशव्या उपसत आले. कुत्रं दिसल्यावर पोरं काय करतात ते मला माहीत आहे. ती गोळी फेकत नाहीत. चाळीस डॉलरची गोळी कोण फेकतं? दिवसभरात एकेक करून घ्यायच्या म्हणून आणलेल्या सगळ्या एकदम तोंडात टाकतात, गिळतात आणि हसत हसत कुत्र्यासमोरून चालत जातात. कुत्र्याला काही सापडत नाही. कागदावर तेवढा विजय.

सोसेफो टोंगा बेटांवरचा. विसाव्या वर्षी इकडे मळ्यांत फळं तोडायला आला, मग कोंबड्यांच्या कारखान्यात, मग पहाऱ्यावर. वय चौपन्न, दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागेल एवढा देह. रविवारी माउंट ड्रुइट या उपनगरातल्या चर्चमध्ये तो पहिल्या रांगेत उभा राहून गातो. दारू नाही, सिगारेट नाही. त्यामुळे तंबूबद्दल त्याचं मत काही गोड नव्हतं. सकाळी तंबूतली रसायनवाली इंग्रिड आमच्याकडे पाण्याची पिंपं भरायला आली, तेव्हा त्याने तिला सरळ विचारलं.

"ताई, विष तपासून तुम्ही पोरांना परत देता?"

"आम्ही सांगतो काय आहे ते. शेजारी एक बादली ठेवलेली असते. काही जण ऐकतात आणि त्या बादलीत टाकतात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे एकाऐवजी अर्धी घेतात. किंवा ऐकत नाहीत."

"म्हणजे तुम्ही 'घे, चालेल' म्हणता."

"ते आम्ही कधीच म्हणत नाही. एकदाही नाही. 'बस' म्हणतो. पाणी देतो. काका, त्या पोरांशी या विषयावर न ओरडता बोललेलं पहिलं माणूस बहुतेक वेळा आम्हीच असतो."

सोसेफोने तिची पिंपं उचलून तंबूपर्यंत नेऊन दिली. परत येऊन म्हणाला, "मार्लीन, मला पटलं नाही. पण ती खोटं बोलत नाही."

त्याला हा विषय नुसता बोलण्यापुरता नव्हता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मैदानावर, अशाच रांगेत, कॅलम नावाच्या पोराचा हात तोंडाकडे गेलेला त्याने पाहिला होता. पुढे दीड तासाने त्याच पोराला त्याने दोन्ही हातांवर उचलून प्रथमोपचारात नेलं. पोर तव्यासारखं तापलं होतं. ते गेलं. त्याच्या मृत्यूच्या चौकशीआधी आमच्या कंपनीच्या वकिलाने सोसेफोला चहा पाजून सांगितलं होतं की गर्दीत काही दिसलं नाही असं म्हणणं सोपं पडेल. तो न्यायालयात उभा राहिला आणि म्हणाला, "मी पाहिलं."

"मग तुम्ही काय केलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी म्हटलं, पुढे चल, बाळा."

एवढंच उत्तर. त्या दिवसापासून रांगेत तो पिशव्यांकडे कमी आणि हातांकडे जास्त बघायला लागला.

बाराला फाटक उघडलं. अडतीस डिग्री ऊन, अंगावर चमकी लावलेली पोरं, बाटल्यांची झाकणं, टोप्या, गोंगाट. एक लालबुंद पोरगा सोसेफोसमोर पिशवी उघडी करून म्हणाला, "काका, फक्त सनस्क्रीन आहे. वास घेऊन बघा."

"तोंडाला लाव ते. टोमॅटो झालायस."

"टोमॅटो असाच असतो."

"मग आई ओळखेल का घरी गेल्यावर? लाव."

पोराने तिथेच चोपडलं. मागची रांग हसली. सोसेफो सगळ्यांना बाळच म्हणतो, दाढीवाल्यांनासुद्धा, आणि कुणाला राग येत नाही.

मग कुत्रं आलं. हेदर नावाची पोलीस बाई त्याला घेऊन रांगेच्या कडेने चालत होती. हे कुत्रं भुंकत नाही, अंगावर येत नाही. ज्याच्याकडे काही आहे त्याच्याजवळ जाऊन नुसतं बसतं. रांगेतले आवाज एकदम खाली गेले. आणि माझ्यापासून चार हातांवर निळ्या टोपीतल्या एका मुलीचा हात तोंडाकडे गेला.

मी पाहिलं. मी काही केलं नसतं, हे इथे लिहून टाकते. ग्रँट पाठीमागेच होता आणि मला तीन महिन्यांनी पहाऱ्याचं लायसन्स नवं करून घ्यायचं होतं.

सोसेफोने माझ्यासमोरचं टेबल बाजूला सारलं आणि तो रांगेत शिरला.

"किती घेतल्यास?"

"काय किती? काही नाही."

"बाळ, मी ओरडत नाही. किती?"

मुलगी हसायला बघत होती. तिच्या मागे उभी असलेली तिची मैत्रीण रडायलाच लागली. "तीन," ती म्हणाली. "टेगनने तीन घेतल्या. एकेक घ्यायचं ठरलं होतं. कुत्रं बघून तिने..."

"मार्लीन, हिला प्रथमोपचारात ने. पळत."

मी टेगनला घेऊन निघाले. आता माझ्यामागे कोण आहे ते बघायची मला सवड नव्हती. प्रथमोपचाराचा तंबू फाटकापासून शंभर पावलांवर. तिथल्या डॉक्टरांनी तिला झोपवलं आणि पहिला प्रश्न विचारला, गोळीत काय होतं? टेगन म्हणाली, नेहमीचीच. विकणाऱ्याने नेहमीचीच म्हणून दिली. डॉक्टर म्हणाले, "नेहमीची असेल तर एक उपचार. दुसरं काही असेल तर दुसरा. तशीच आणखी एक मिळेल का?"

मी फाटकाकडे पळत आले. मैत्रीण ब्रायनी तिथेच होती, मूठ घट्ट आवळून. चौथी गोळी तिच्याकडे होती. हेदर आणि कुत्रं दहा पावलांवर.

"काका, मी टाकून देते. नाहीतर गिळते. मला जेलमध्ये जायचं नाही."

"टाकू नकोस. गिळूही नकोस," सोसेफो म्हणाला. "ती इकडे दे."

"तुम्हाला?"

"माझ्या हातात दे आणि हिच्याबरोबर जा."

त्याने तळहात पुढे केला. आमच्या धंद्यात हे कुणी करत नाही. गोळी सापडली तर हात लावायचा नाही, पोलिसाला हाक मारायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. गोळी त्याच्या तळहातावर पडली, गुलाबी, नखाएवढी. त्याने मूठ मिटली आणि तो आत वळला.

कुत्रं त्याच्यापुढे येऊन बसलं.

हेदर त्याला सहा वर्षं ओळखत होती. गेल्या नाताळात त्याच्या बायकोने केलेला लू, नारळाच्या दुधातली ती अळूची पानं, तिने दोनदा मागून खाल्ली होती. ती कुत्र्याकडे बघत राहिली, जणू काही त्याचीच चूक असावी.

"सोसेफो, खिशात काही आहे का?"

"खिशात नाही. मुठीत आहे."

"मला दे."

"तू घेतलीस तर पिशवीत बंद करशील. त्यावर सही, शिक्का, मग प्रयोगशाळा. उत्तर किती दिवसांनी येतं?"

हेदरने ग्रँटकडे पाहिलं.

"सहा आठवडे," तो म्हणाला. "मला माहीत आहे. कॅलमच्या वेळी मी सहा आठवडे वाट बघितली होती. आत एक पोरगी पडलीय, तिच्याकडे सहा आठवडे नाहीत. मला तंबूत जाऊन येऊ दे. मी पळणार नाही. माझ्याकडे बघ, मी पळू शकतो का?"

ग्रँट मागून ओरडला, "मोठ्या, खाली ठेव ते. तुझं लायसन्स जाईल, कळतंय का तुला?"

"कळतंय."

हेदरने कुत्र्याचा पट्टा आखडून घेतला. "मी तुझ्याबरोबर चालते," ती म्हणाली.

तिघं निघाली. मधे तो, एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला कुत्रं, आणि भोवतीची पोरं आपोआप वाट देत होती. चुन्याच्या रेघेपाशी हेदर थांबली, कारण पुढे जायची तिला मुभा नव्हती. सोसेफो रेघ ओलांडून तंबूत गेला. ब्रायनीला डॉक्टरांकडे सोडून मी त्याच्या मागोमाग शिरले. माझ्याकडून तेवढंच झालं.

त्याने इंग्रिडच्या टेबलावर मूठ उघडली. गोळी घामाने चिकटली होती. तिने पात्याने कड खरवडली, भुकटी यंत्राखाली धरली. पडद्यावर रेघा उमटल्या. तिचा चेहरा बदलला.

"ही नेहमीची गोळी नाहीच. ही उशिरा चढते. काही होत नाही म्हणून पोरं आणखी घेतात, आणि मग अंगातली उष्णता वाढत जाते, थांबत नाही." ती वॉकी-टॉकीवर डॉक्टरांशी बोलायलाही लागली होती. बर्फ, लगेच बर्फ, आणि अॅम्ब्युलन्स आत्ता, लक्षणं दिसायची वाट बघू नका. मग दुसऱ्या मुलीला म्हणाली, "गुलाबी गोळीचा कागद लिही आणि बाहेर लाव. मोठ्या अक्षरात."

सोसेफो उभा होता. "ताई, माझं काम झालं का?"

"झालं."

"मग मी जातो. बाहेर माणसं थांबलीत."

तंबूला मागूनही दार होतं. त्याला माहीत होतं, सकाळी पाण्याची पिंपं त्यानेच तिथून आत आणली होती. तो पुढच्या दाराने बाहेर आला, रेघ ओलांडली आणि हेदरपुढे दोन्ही हात धरून उभा राहिला.

"हात खाली घे," हेदर म्हणाली. तिने त्याला बेड्या घातल्या नाहीत. नाव, पत्ता, वेळ लिहून घेतली. लिहिताना तिने दोनदा खोडलं. ग्रँटने त्याचं लायसन्स घेतलं, पिवळं जाकीट घेतलं, आणि मग खाली बघत म्हणाला, "शर्टपण."

"शर्ट?" मी म्हटलं. "भर उन्हात माणसाचा शर्ट काढून घेतोस?"

"कंपनीचं चिन्ह आहे त्यावर. मी काय करू, मार्लीन? वरून फोन आलाय."

वरून फोन. वरून नेहमी फोनच येतो, माणूस कधी येत नाही. सोसेफोने गुंड्या सोडल्या, शर्ट काढून नीट घडी घातली आणि ग्रँटच्या हातात दिला. बनियनवर उभा राहिला. इंग्रिडने तंबूतला सगळ्यात मोठा टी-शर्ट आणून दिला. जांभळा. तो त्याच्या बेंबीपाशी संपला.

तीनच्या सुट्टीत मी बसथांब्यावर गेले. तो बाकावर बसला होता, गुडघ्यांवर हात उघडे टाकून. माझ्यादेखत एक बस गेली. त्याच्या शेजारची बाई म्हणाली की आधीचीही त्याने सोडली.

"घरी जा ना आता," मी म्हटलं.

"जातो."

"कशाची वाट बघतोस?"

मी शेजारी बसले. मला त्याची माफी मागायची होती, पण कशाबद्दल ते नीट सांगता येईना. चार वाजत आले तेव्हा इंग्रिड फाटकातून धावत आली.

"हॉस्पिटलमधून फोन आला. ताप उतरतोय. डोळे उघडले, आणि सलाईन लावणाऱ्या नर्सला शिव्या घातल्या."

"शिव्या घातल्या?"

"भरपूर."

"मग ठीक आहे," सोसेफो म्हणाला. मग खिशातून फोन काढून त्याने बायकोला लावला. "लाविनिया, मी लवकर येतोय. जेवायला थांब माझ्यासाठी." पलीकडून काही विचारलं गेलं. "नाही, नाही. काम लवकर संपलं." पुन्हा काही विचारलं. "बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय."

बस आली. एका हाताने टी-शर्ट पोटावर खाली ओढून धरत, खांदा तिरका करून तो दारातून आत गेला, दुसऱ्या हाताने कार्ड लावलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "दिवस कसा गेला, बाळा?"