रस्ता सांगायचं काम

आमच्या गाडीत चालवायचं काम माझं आणि रस्ता सांगायचं काम भारतीचं. चौतीस वर्षांच्या संसारात ही एकच वाटणी अशी, की जिच्यावरून आमचं कधी वाजलं नाही. मी सरकारी कचेरीत बसने गेलो आणि बसने परत आलो. गाडी निघायची ती रविवारी, नाहीतर लग्नकार्याला. तेव्हा शेजारून भारती म्हणायची, "अहो, डावीकडे घ्या," आणि मी घ्यायचो. सगळा जन्म काचीगुड्यात गेला, साठी उलटली, तरी मला हैदराबादचे रस्ते येत नाहीत. याची लाज वाटायला हवी होती, पण कधी वाटली नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की भारतीच्या घशातली गाठ कॅन्सरची आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. पुढे झडप बसवून थोडंफार बोलता येतं काही जणांना, पण तो आवाज वेगळा असतो. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. खोलीतून बाहेर आल्यावर मी भिंतीला टेकलो. भारती पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत होती.

"आता तुम्हाला रस्ता कोण सांगणार?" ती म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला. इथे मला भिंत सोडवत नाहीये आणि ही बाई रस्त्यांचं काय घेऊन बसलीय. पण ती तशीच आहे. जामबागच्या शाळेत सत्तावीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलेली बाई आधी कामाचं बघते, रडायचं ते नंतर.

गाडीत रस्ता सांगणारं यंत्र घ्यायचं तिनं ठरवलं. बंगलोरहून आमची मुलगी प्राची फोनवर म्हणाली, "बाबा, वेगळं यंत्र कशाला, फोनमध्ये असतं की सगळं." माझा फोन बटणांचा. भारतीकडे चांगला फोन आहे, पण तो द्यायला तिनं साफ नकार दिला.

"तो मला बोलायला लागेल," ती म्हणाली. "त्याच्यावरच लिहून दाखवणार ना मी तुम्हाला."

म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही दिलसुखनगरला गेलो. गाडीच्या सामानाचं दुकान, सीट कव्हरांचे ढीग, आणि काउंटरमागे एक गोल चेहऱ्याचा माणूस. भारतीनं घरूनच कागदावर सगळं लिहून आणलं होतं. दहा हजारांच्या वर जायचं नाही. नेट नसलं तरी चाललं पाहिजे. उन्हात पडदा दिसला पाहिजे. नकाशे फुकट नवे करून मिळाले पाहिजेत, कारण या गावात दर वर्षी एक नवा पूल उभा राहतो. आणि बटणं मोठी हवीत, कारण चालवणारा माणूस कसा आहे ते तिला माहीत होतं.

दुकानदारानं आधी बावीस हजारांचा मोठा पडदा दाखवला. त्यात गाणी, सिनेमा, मागचा कॅमेरा, सगळं होतं.

"ये नक्को भाई," भारती म्हणाली. "साब गाडी चलाते हुए पिक्चर देखेंगे तो मेरेकू यमराज के पास जाना पडेगा, दवाखाने के बदले."

दुकानदार हसला. तिचा आवाज त्या दिवशी फारच बसलेला होता, तरी घासाघीस तीच करत होती. मग त्यानं नऊ हजारांचं एक छोटं यंत्र काढलं. काचेला चिकटवायचं, नकाशे आतच भरलेले. भारतीनं ते दारापर्यंत नेऊन उन्हात धरून बघितलं. मग आवाज ऐकवायला सांगितलं. इंग्रजी बाई बोलली, तेलुगू बाई बोलली, हिंदी बाई बोलली. मग मराठी बाई म्हणाली, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा."

"चांगली शिकलेली दिसते," भारती म्हणाली. "पण यांना दोनशे मीटर म्हणजे किती, हे कुठं कळतंय? ह्यांना मोठी कमान आली की वळा, असं सांगावं लागतं."

तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, इसमें एक और चीज है. अपना खुद का आवाज डाल सकते. चालीस-पैंतालीस लाइनां बोलने का, बस. फिर मशीन आपकेच आवाज में रस्ता बताता."

मी खुर्चीवरून उठलो. आजवर वस्तू विकत घेताना मी कधी घाई केलेली नाही, पण त्या क्षणी मला वाटलं की हे यंत्र पन्नास हजारांचं असतं तरी घेतलं असतं. "हेच द्या," मी म्हणालो. "पॅक करा."

"अहो, थांबा जरा," भारती म्हणाली. "आधी कसं वाटतं ते तर बघू."

दुकानदारानं बटण दाबून यंत्र तिच्या तोंडासमोर धरलं. तिनं पदर सारखा केला, वर्गात उभी राहायची तशी ताठ झाली आणि म्हणाली, "अहो, डावीकडे घ्या."

मग त्यानं ते ऐकवलं.

भारतीचा चेहरा उतरला. तिनं पुन्हा ऐकवायला सांगितलं. यंत्रातून खरखरीत, फाटलेला, दोन शब्दांमध्ये दम घेणारा आवाज आला.

"हा कोणाचा आवाज आहे?" तिनं मला विचारलं.

"तुझाच की."

"माझा असा आहे? तुम्हाला असाच ऐकू येतो?"

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला त्यात काहीच वेगळं वाटलं नव्हतं. आठ महिने तो रोज थोडा थोडा बिघडत गेला आणि मी रोज ऐकत गेलो. तिला मात्र आतून ऐकताना तो अजून पूर्वीचाच वाटत असणार. ती काउंटरला धरून स्टुलावर बसली.

"पोंछ डालो ये," ती दुकानदाराला म्हणाली. "वो मराठी बाईच रहने दो."

"भारती, राहू दे ना," मी म्हणालो. "चाळीस वाक्यं तर बोलायचीत. मला हवाय तो. कसाही असो."

"मला नकोय," ती म्हणाली. "मी शेजारी मुकी बसणार आणि समोर डबा माझ्या आजारी आवाजात बोलणार? रोज? त्यापेक्षा परकी बाई बरी." मग म्हणाली, "माझा खरा आवाज द्यायला मिळाला असता तर आनंदानं दिला असता हो."

दुकानदारानं मान खाली घालून आवाज पुसला. पाचशे रुपये न मागता कमी केले.

परत येताना मलकपेटच्या सिग्नलला गाडी थांबली. भारती समोर बघत म्हणाली, "माझा आधीचा आवाज कसा होता हो?"

मी तोंड उघडलं. मोठा होता, शेवटच्या बाकापर्यंत जायचा, असं काहीतरी बोललो. ते तर शाळेतल्या कोणत्याही बाईंबद्दल म्हणता येईल. मी डोळे मिटून आठवायला बघितलं, तर तिचे शब्द आठवत होते, आवाज आठवत नव्हता. शब्द ऐकून मी वळत गेलो, थांबत गेलो. आवाज ऐकायचा असतो हे कधी सुचलंच नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"हिरवा झालाय," भारती म्हणाली.

घरी आल्यावर मी प्राचीला फोन केला. तिच्याकडे आईचा एकही साठवलेला आवाज नव्हता, कारण भारती संदेश पाठवत नाही, थेट फोन करते. मग मी प्राचीच्या लग्नाची चित्रफीत लावली. तीन तासांची, पुढे पळवत पळवत बघितली. भारती त्यात जागोजाग आहे, मांडववाल्यांशी, भटजींशी, विहिणीशी सारखी बोलतेय. आणि फोटोवाल्यानं पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत वर सनई आणि सिनेमाची गाणी घातलीत. तिचे ओठ हलतात, हात हलतात, पलीकडची माणसं हसतात. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसलो. मांडीवर मटार सोलत भारती बघत होती. दहाव्या मिनिटाला तिनं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

गुरुवारी नऊला दवाखान्यात पोचायचं होतं, बंजारा हिल्सला. आम्ही साडेसातला निघालो. यंत्र काचेला लावलेलं होतं, पण भारती म्हणाली, "आज नको. आज मी सांगते."

नारायणगुड्याला ती म्हणाली, "अहो, डावीकडे घ्या." मी ऐकलं आणि सरळ गेलो.

"अहो, चुकलात. आता पुढून फिरवून घ्या."

मी फिरवून घेतलं. लिबर्टीच्या चौकात ती सरळ म्हणाली तर मी तलावाच्या कडेच्या टँकबंडकडे वळलो. तिनं पुन्हा सांगितलं, कुठून परत फिरायचं, कोणती गल्ली धरायची, कुठे पोलीस उभा असतो. मी पुन्हा चुकलो. मुद्दामच चुकत होतो. डॉक्टरांनी तिला बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं आणि मी तिला बोलायला लावत होतो. तो फाटका आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकत होतो. 'अहो' म्हणताना ती शेवटचा ओ किंचित लांबवते, हे मला चौतीस वर्षांत कळलं नव्हतं.

तिलाही समजलं असणार. ती रागावली नाही. दर वेळी तितक्याच शांतपणे सांगत राहिली, खोकत, दम घेत. तलावाला दुसऱ्यांदा वळसा घालताना दवाखान्यातून फोन आला, कुठे आहात, भूल देणारे डॉक्टर आलेत. तिनं येतोय म्हणून सांगितलं. मी पुढच्या चौकात पुन्हा उलट्या बाजूला वळलो.

भारतीनं माझ्या स्टिअरिंगवरच्या हातावर हात ठेवला.

"पुरे आता," ती म्हणाली. "उशीर होतोय हो."

मग तिनं पुढे वाकून यंत्र चालू केलं, दवाखान्याचं नाव घातलं आणि मागे टेकून बसली. यंत्रातली बाई म्हणाली, "तीनशे मीटरवर उजवीकडे वळा." मी भारतीकडे बघितलं. तिनं ओठ घट्ट मिटले होते आणि तिचे डोळे वाहत होते.

तीनशे मीटर झाले. मी उजवीकडे वळलो.